बारा वाजताची बाय

१२ मार्च १९५८, बुधवार

संगीतगृहाच्या दाराला आतून अडसर होता, म्हणून मी पुन्हा खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला अडसर निसटला आणि मी जाजमावर गुडघ्यांवर पडलो. आतला आवाज थांबला.

आत कोणी नव्हते. बाक रिकामे होते. छपराच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली उभ्या होत्या. रंगमंचावर सतरंजी, तिच्यावर तंबोरा आडवा. त्याची एक तार अजून हलत होती. मी ती बोटाने थांबवली. सतरंजीवर बोटाएवढा ओला, गुलाबीसर डाग होता. वास घेतला. कोकम.

मागचे दार सताड उघडे होते. ते काकींच्या विहिरीकडे निघते. सुभद्राकाकी, म्हणजे माझ्या घरमालकीण, रहाटाशी उभ्या होत्या. "कोणी इकडून गेलेले पाहिलेत का?" मी विचारले.

"नाय बा. कोण जातला ह्या उन्हात?"

त्यांना धाप लागली होती. कळशी रिकामीच होती. या वयात भर उन्हात पाणी ओढणे त्यांना झेपत नाही. मी कळशी भरून दिली.

बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. श्रीरंग संगीतगृहाचे भूत बारा वाजता गाते असे गाव म्हणते. शाळा सकाळची झाली, म्हणून आज मी ते पहिल्यांदा ऐकले. फुटक्या कौलांतून वारा शिरत असावा आणि तंबोऱ्याच्या तारा त्याने वाजत असाव्यात. आवाज मात्र बाईचा वाटला. त्याचे कारण शोधले पाहिजे.

१३ मार्च, गुरुवार

तीन माणसांना विचारले. तीन भुते मिळाली.

गंगू सकाळी आमच्या पायरीवर मासळीची टोपली उतरते. ती म्हणाली, "नाटकवाल्यांवांगडा येय होती बाय. बारशीन पडाव उलटलो. तंबोरो तेवढो वेळेक लागलो. बाय पान्यात गेली, गाणा वर रवला." म्हणजे पडाव, मोठी होडी, उलटून बाई बुडाली आणि तंबोरा तेवढा किनाऱ्याला लागला.

संगीतगृहाच्या किल्ल्या दाजीकडे असतात. तो पूर्वी संगीत मंडळीत तबला वाजवायचा. तो म्हणाला, "बाय खंयची, मास्तरानू? बुवा होतो तो. बायांची कामा करी. लुगड्यातच मेलो, म्हणान बाय."

भाई विश्वस्तांचे अध्यक्ष आहेत. त्यांचे दुकान संगीतगृहाच्या समोर आहे. ते काकींचे धाकटे दीर. माझ्याशी शुद्ध बोलतात. म्हणाले, "गाणारी होती. घरच्यांनी गाऊ दिले नाही. एवढीच गोष्ट." तिघांत हीच सर्वांत नीरस.

दाजी आणखी एक म्हणाला. बाय पुष्कळ वर्षे गप्प होती. मग एकाएकी पुन्हा गाऊ लागली. कधी, असे विचारले तर म्हणाला, "झाली की बारा वर्सा. भाईचो थोरलो भाव गेलो, तेच्या दुसऱ्या वर्सा." ही माणसे एका मृत्यूची गाठ दुसऱ्याशी मारल्याशिवाय काळ मोजत नाहीत.

१६ मार्च, रविवार

भाईंच्या दुकानात विश्वस्तांची सभा. मी सभासद नाही, वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

छप्पर आणखी एक पावसाळा काढणार नाही. बाहेरगावचा एक सुक्या मासळीचा व्यापारी ते दुरुस्त करायला तयार आहे, पण त्याला तिथे गोदाम करायचे आहे. फुटलेल्या गलबताच्या फळ्या आणून चाळीस वर्षांपूर्वी गावाने हा रंगमंच बांधला. त्याच्यावर आता सुके बांगडे रचायचे. मी उठलो आणि तसे म्हणालो. नको तितक्या मोठ्याने म्हणालो.

भाईंनी चष्मा काढला. "सात वर्षांत एक कार्यक्रम झालेला नाही, मास्तर. गाणाऱ्यांना ऐकणारे लागतात. भुताला कौले कशाला?"

"भूत आहे म्हणूनच कोणी येत नाही."

"मग पावसाआधी हे घर एकदा भरून दाखवा. माणसांनी. कौले मी घालीन. नाहीतर जूनमध्ये गोदाम."

सभेने मला चिटणीस नेमले. दाजी कोपऱ्यात हसत होता. "घाटावरचो माणूस," तो म्हणाला, "चढान बसता."

२१ मार्च, शुक्रवार

पाडवा. वाईची आठवण झाली.

काकींनी सोलकढी केली. त्या आमसुले हातानेच कुसकरतात, दिवसभर बोटे गुलाबी असतात. सकाळची शाळा सुरू झाल्यापासून मला अकराच्या ठोक्याला वाढतात. त्या वेळी मला भूक नसते, पण त्यांना पुढे काम असते.

त्यांना म्हणालो, आरोंदेकरबुवांना मुंबईला पत्र घालतो आहे. सकाळच्या बैठकीत भीमपलास गा, अशी विनंती करीन.

"भीमपलास सकाळी?" काकी म्हणाल्या. "दुपार कलल्यार गातत तो."

"तुम्हाला गाण्यातले कळते?"

"माका काय कळता!" आणि भात आणायला आत गेल्या.

बायकांच्या कानावर कायकाय पडते आणि तसेच राहते. बैठक दुपारी चार वाजता ठेवावी हे मात्र त्यांच्या बोलण्यावरून सुचले. उजेड असला की लोक भिणार नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

आज समोरून पाहणी केली. पावणेबारापासून भाईंच्या दुकानाच्या पायरीवर.

बारा वाजता बाजार दारे लावून घेतो. एरवी या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारून बोलणारी माणसे कुजबुजतात. एक गाडीवाला आला. त्याने बैलांच्या गळ्यातली घुंगरे मुठीत धरली आणि तसाच चालत पुढे गेला. कोणी खोकले तर शेजारचा त्याच्याकडे डोळे वटारून पाहतो. इतकी भीती मी दुसऱ्या कुठल्याही गावात पाहिलेली नाही.

मग आवाज आला. पाऊण तास होता.

वारा पडलेला होता. माडाच्या झावळ्या हलत नव्हत्या. वाऱ्याची उपपत्ती सोडून द्यावी लागेल.

भाईंच्या दाराच्या फटीतून आत पाहिले. ते तक्क्याला टेकून, डोळे मिटून बसले होते. उजव्या हाताचे एक बोट गुडघ्यावर हलत होते. माशी बसत असावी. गावाचा अध्यक्ष अशा वेळी झोपतो.

मी हे का करतो आहे? गाणे मला कळत नाही. भूत नाही एवढेच सिद्ध करायचे असेल तर हे काम हलके आहे. तरी करतो आहे.

५ एप्रिल, शनिवार

मागच्या दाराला आजवर कधीच कुलूप नव्हते. दाजीला विचारले तर म्हणाला, "ती बायची वाट." रोज साडेअकराला तो तंबोरा जुळवून सतरंजीवर ठेवतो आणि पुढचे दार आतून लावून मागून निघून जातो. बारा वर्षांची रीत, म्हणतो. भुताला जुळलेला तंबोरा लागतो!

आवाज मागच्या दाराने येतो आणि जातो हे उघड आहे. कोणीतरी खोडसाळपणा करते आहे. आज मागच्या दाराला नवे कुलूप घातले. किल्ली जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधली.

काकी विहिरीवर होत्या. "ह्यां कित्याक?" त्यांनी विचारले.

"तुमच्या शेजारचे भूत घालवतो," मी म्हणालो.

काकी रहाटाचा दोर हातात धरून उभ्या राहिल्या.

७ एप्रिल, सोमवार

आवाज नाही.

८ एप्रिल

आवाज नाही. आमटीत मीठ नव्हते.

१२ एप्रिल, शनिवार

आठवडा झाला, आवाज नाही. बाजारात पायरीवर उभा राहून मी तसे जाहीर केले. भूत नव्हते, कोणी खोडसाळ माणूस होता, आता सर्वांनी निर्धास्तपणे सतरा मेच्या बैठकीची तिकिटे घ्यावीत.

टाळ्यांची अपेक्षा नव्हती. पण एक माणूस थुंकला. शिंपी म्हणाला, "मास्तर, तुमका शिकवणी कमी पडतत काय?" ज्यांनी तिकिटे घेतली होती त्यांतल्या चौघांनी ती तिथल्या तिथे परत केली.

जेवणात पुन्हा मीठ नाही. काकींना विचारले, बरे नाही का? घशाला काही झाले आहे का? त्या हल्ली काम करताना गुणगुणतही नाहीत.

"गळो बरो आसा," त्या म्हणाल्या. "तोच तर त्रास."

वैद्याकडून ज्येष्ठमध आणून दिला. त्यांनी तो डब्यात ठेवला आणि डबा फळीवर ठेवला.

१५ एप्रिल, मंगळवार

गंगू पायरीवर बसली. टोपलीत बांगडे होते.

"चार बांगडे दे."

"बांगडो नाय."

"हा काय आहे मग?"

"तो बांगडो नाय."

"काय आहे?"

"तुमका नाय, ह्यां आसा." तिने टोपली डोक्यावर घेतली. मग वळली. "मास्तरानू, मी पाटेक उठान बंदरार जातंय. दुपारपर्यंत पाच वाडये फिरतंय. बाराक त्या माडाखाली बसान पाय पसरतंय नि तिका आयकतंय. तेवढाच माका कोण कायतरी दिता. ताच तुमी कुलपात घातल्यात."

"गंगू, तू भुताचे गाणे ऐकायला बसायचीस? भीती नाही वाटत?"

तिने माझ्याकडे पाहिले. वर्गातल्या मुलाकडे मी कधीकधी तसे पाहतो.

"शिकलेलो माणूस," ती म्हणाली आणि गेली.

१६ एप्रिल, बुधवार

साडेअकराला भाई स्वतः आमच्या अंगणात आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. काकी विहिरीवर होत्या.

"किल्ली द्या, मास्तर."

"भाई, तुमचासुद्धा विश्वास आहे?"

"बारा दिवस झाले. मला दुपारी झोप नाही." त्यांनी हात पुढे केला. "बारा वाजता काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते."

मी किल्ली दिली. त्यांनी कुलूप काढले, हातात तोलले आणि सरळ काकींच्या विहिरीत टाकले. पाण्याचा आवाज आला. भाईंनी काकींकडे पाहिले नाही. काकींनी भाईंकडे पाहिले नाही. दीर-भावजयीत काही जुना अबोला असावा. भाई अंगणातून बाहेर पडताना पाठमोरेच म्हणाले, "वयनी, जेवक घेवा वेळार. आठ दिवसात वाळल्यात."

एका सुशिक्षित माणसाने भुताच्या धाकाने नवे कुलूप पाण्यात टाकले. मी चिटणीसपदाचा राजीनामा लिहिला. मग फाडला. जूनमध्ये गोदाम होईल. माझ्या राजीनाम्याने ते एक दिवसही लांबणार नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

बारा वाजता आवाज आला.

बाहेर जाऊन पाहिले नाही. खोलीचे दार लावून घेतले आणि भिंतीला टेकून बसलो. हा आवाज वर चढताना घाई करत नाही. एका जागी येतो, तिथे पाय रोवतो, आजूबाजूला पाहतो आणि मगच पुढचे पाऊल टाकतो. कोण आहे हे शोधण्याची इच्छा आज झाली नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण उद्या मला ते खरे वाटणार नाही.

रात्री आमटीत मीठ दुप्पट होते. काकी म्हणाल्या, "हात चुकलो." आणि हसल्या.

३ मे, शनिवार

शाळेला सुटी. वाईला गेलो नाही.

तिकिटे जाताहेत. कुलूप काढल्यापासून रोज जाताहेत. लोक तिकीट घेतात आणि विचारतात, "बाय आसा मा?" मी म्हणतो, असेल. तत्त्वाचा प्रश्न काही काळ बाजूला ठेवला आहे.

आरोंदेकरबुवांचे पत्र आले. सतराच्या सकाळच्या बोटीने येतात.

काकींना वाचून दाखवले. त्या तांदूळ निवडत होत्या. "मुंबईचो बुवा गातलो. मगे बाय खंय जातली?"

"भुताला एक दिवस सुटी."

"तिका सुटी कित्याक व्हयी?" त्या सुपाकडे पाहत म्हणाल्या. "ती काय शाळेत आसा?" मग थोड्या वेळाने: "माजा म्हायार धामापूरचा. तळ्याच्या काठार उभ्या रवान आवाज टाकलो काय तो पलीकडच्या रानातसून परत येय. मी तासभर टाकी. माजी आये हाका मारून दमा."

"मग?"

"मगे लगीन झाला," त्या म्हणाल्या. सूप आपटले.

१७ मे, शनिवार

संध्याकाळ आहे. आजच लिहिले पाहिजे.

सकाळी नऊला बंदरावर होतो. दोन दिवस दक्षिणेचा वारा होता, समुद्र फुगला होता. बोट दिसली. आपले पडाव उतारू आणायला निघाले, लाटांतून दोनदा मागे आले. बोटीने शिटी दिली. मग तोंड फिरवले आणि न थांबता वेंगुर्ल्याकडे गेली. बुवा कठड्याशी उभे असतील तर त्यांनी मला पाहिले असेल. मी हार हातात घेऊन उभा होतो.

दुपारी एकला तार आली. वेंगुर्ल्यास उतरलो. आज पोचणे अशक्य. क्षमस्व.

मला वाटले होते लोकांना ही बातमी कळली की येणार नाहीत. तीनपासून यायला लागले. तारकर्लीहून आले, धामापूरहून पाचसहा गाड्या आल्या. बाक भरले, जाजम भरले, बायकांची बाजू भरली, मग लोक खिडक्यांत बसले. सात वर्षे रिकामे असलेले घर भरले आणि गायला कोणी नव्हते. पहिल्या बाकावर भाई, त्यांच्या शेजारी तो मासळीचा व्यापारी. व्यापारी छपराकडे पाहत मनात मापे घेत होता.

चार वाजता मी पडद्यापुढे आलो आणि खरे सांगितले. बुवा येणार नाहीत. पैसे परत मिळतील. घर माणसांनी भरून दाखवा, असे भाई म्हणाले होते. पण गाणे न ऐकता परतलेले घर भरले असे कोण म्हणेल? व्यापारी भाईंच्या कानाशी वाकला.

कोणी उठले नाही.

मागून गंगूचा आवाज आला. "दाजी, गाऱ्हाणा घाल!"

इथे कामाआधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. म्हणणारा एकेक मागणे म्हणतो आणि जमलेले सगळे त्याला एका आवाजात होकार देतात. होकार दिला की तो शब्द झाला. मग मागे घेता येत नाही. हे मी दोन वर्षांत पुष्कळदा पाहिले आहे, थोडे हसून.

दाजी नारळ घेऊन रंगमंचावर आला. चप्पल काढली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घर एकदम बोलले. फळ्या माझ्या पायाखाली हलल्या.

"ह्या जाग्याच्या राखणदारा, आज तुजा घर भरला. लेकरा खंयखंयसून इली."

"व्हय म्हाराजा!"

"बोट लागाक नाय. बुवा येवक नाय. ता आमच्या हातात नाय."

"व्हय म्हाराजा!"

"पन हयसर जी बाय आसा, जी बारा वर्सा आमका बाराक गाणा दिता, तिका आज चाराक गावची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा!"

"तिका कोण नाव ठेवचो नाय. तिका कोण बोट दाखवचो नाय."

"व्हय म्हाराजा!" हा सर्वांत मोठा होता. बायकांच्या बाजूने आला.

दाजीने नारळ कपाळाला लावला. आवाज खाली आणला.

"आणि तिच्या घरचो कोण तिच्या आड येवचो नाय."

या मागण्याला कोणी होकार दिला नाही. सगळी डोकी पहिल्या बाकाकडे वळली. भाईंकडे. मला कळेना. भुताच्या घरचे कोण असणार, आणि असले तर भाईंचा काय संबंध? खिडकीत बसलेली माणसेही भाईंकडे पाहत होती. बाहेर माडावर कावळा ओरडला तो स्पष्ट ऐकू आला.

भाई उठले. टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरली. मी त्यांना शुद्ध बोलतानाच अधिक ऐकले आहे. आज ते दाजीच्याच बोलीत आणि फार हळू बोलले.

"व्हय म्हाराजा."

मग जो आवाज उठला तो मला लिहिता येणार नाही. दाजीने नारळ फोडला. बायकांच्या बाजूला गंगूशेजारची एक जागा रिकामी झालेली दिसली.

मी पडद्याच्या दोराशी जाऊन उभा राहिलो. दुसरे काही सुचले नाही. पडद्यामागे मागचे दार करकरले. तंबोरा सुरू झाला. मग आवाज आला. बाराचाच, तोच. पण दुपारी भिंतीपलीकडून येणारा आवाज आणि हा, यांत फरक होता. हा समोर माणसे आहेत हे जाणून येत होता. थोडा वेळ तो खालीच फिरला. मग वर चढला, तिथे पाय रोवला, आणि थांबला.

पडद्यामागून बोलणे ऐकू आले. "मास्तर, पडदो काढा. हयसर वारो नाय."

हा आवाज मला रोज अकरा वाजता विचारतो, भात वाढू?

मी दोर ओढला.

सुभद्राकाकी सतरंजीवर बसल्या होत्या. घरचेच लुगडे, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. बोटे गुलाबी. त्यांनी समोर पाहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता. दाजी तबल्यावर बसला. काकींनी भीमपलास पुन्हा सुरुवातीपासून धरला.

कोण किती वेळ रडले ते लिहीत नाही. गंगू रडली नाही, ती सगळ्यांना गप्प बसवत होती. धामापूरचे एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक समेला "आमचा चेडू, आमचा चेडू" म्हणत होते, म्हणजे आमची मुलगी. मासळीचा व्यापारी पहिल्या अर्ध्या तासात छपराकडे पाहायचे विसरला. भाईंचे बोट गुडघ्यावर हलत होते. माशी नव्हती.

दोन तासांनी काकींनी तंबोरा खाली ठेवला. मागून कोणी ओरडले, "बाये, आमचो सारंग!" मग सगळे घर. सारंग! आमचो सारंग!

काकी हसल्या. मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. "सारंग बाराचो. आता गायलो तर रुसतलो."

"मगे फाल्या?" लोकांनी उद्याचे विचारले.

"फाल्या बाराक येवा," त्या म्हणाल्या. "पुढच्या दारान."

एक गोष्ट अजून उलगडत नाही. पडदा वर गेला तेव्हा मी एकटाच दचकलो. गावाला आश्चर्य वाटलेले दिसले नाही. कदाचित आनंदात विसरले असतील.

घरी येताना मी विचारले, "काकी, तुम्ही मला सांगितले का नाही?"

"तुमी भुताक इचारीत रवलास. माका खंय इचारलास?"

मग भात टाकायला आत गेल्या.

१८ मे, रविवार

सकाळी आठ वाजता कौलांची पहिली गाडी संगीतगृहाच्या दाराशी लागली. भाई उभे राहून मोजून घेत होते. अकराला काकींनी वाढले. मीठ बरोबर होते. साडेअकराला दाजीने तंबोरा जुळवला आणि पुढचे दार उघडले. मागचेही उघडेच ठेवले. आता ते कशाला, असे मी विचारले. "बायची वाट ती," तो म्हणाला. "लावची नाय." पायऱ्यांवर माणसे बसली होती. गंगूने टोपली माडाखाली ठेवली आणि मला न विचारता चार बांगडे केळीच्या पानात बांधून दिले. काकी घराला वळसा घालून रस्त्याने आल्या आणि पुढच्या दाराने आत गेल्या. बाराला पाच मिनिटे कमी असताना भाई दुकान उघडे टाकून आले. मी सरकून त्यांना जागा करून दिली.